दोन चाब्यांची गाडी

“आरशावर एवढी धूळ. माह्या वक्ताले असं नव्हतं,” गाडी पुसता पुसता शंकरसिंग पुटपुटले. दोन हातांच्या अंतरावर तूर वाळत घालणाऱ्या विमलताईंनी ते ऐकलं आणि ऐकलंच नाही असं केलं.

शंकरसिंगांनी गाडी विमलताईंना विकून चार महिने झाले होते. तरी दर रविवारी शंकरसिंग तांड्यावरून बादली घेऊन बाभुळगावला यायचे, गाडी धुवायचे आणि कमरेच्या करदोड्याला बांधलेली दुसरी चाबी तशीच घेऊन परत जायचे. ती मागायची कोणी? ताईंचे यजमान मारोतराव म्हणायचे, तू माग. ताई म्हणायच्या, दोस्त तुमचा.

पण गाडी ताईंची होती. घर मारोतरावांच्या नावावर, वावर सासऱ्यांच्या. आयुष्याच्या सत्तेचाळीस वर्षांत ताईंच्या नावाचा पहिला कागद म्हणजे त्या गाडीचं आरसी बुक. ते त्यांनी देवघरात, कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलं होतं. विमा तेवढा शंकरसिंगांच्या नावावर राहिला होता. एजंटनं बजावलं होतं, चौदा दिवसांत तोही बदलून घ्या. ताई दोनदा अर्ज घेऊन तांड्यावर गेल्या आणि दोन्ही वेळा नुसता चहा पिऊन आल्या. एक कागद तरी राहू द्या वयनी माह्या नावाचा, असं शंकरसिंग म्हणाले होते.

शिकाऊ लायसन हाती आलं तशी त्या रविवारी शंकरसिंगांनीच ताईंना गाडी शिकवायला नेलं. मागे मारोतराव आणि शंकरसिंगांच्या हंसाबाई. रस्ता मोकळा, दोन्हीकडे पऱ्हाटी कापसानं पांढरी, ताईंचा पदर खिडकीबाहेर. ताई अशा सुटल्या की हंसाबाईंनी मागून लग्नातलं गाणंच धरलं. तेवढ्यात वळणावर शेळी आडवी आली. ताईंनी स्टेअरिंग डावीकडे ओढलं, शंकरसिंगांनी हात घालून उजवीकडे. गाडीनं दोघांचाही मान राखला आणि कुठंच न वळता निंबाला जाऊन टेकली. खरचटलं कोणालाच नाही. बॉनेट मात्र तंबूसारखं उभं राहिलं, आणि शेळी येऊन खाली पडलेला पाला खाऊ लागली. चौघं रस्त्याच्या कडेला बसून पोट धरधरून हसले.

बुधवारी विमा कंपनीचा माणूस ताईंच्या अंगणात आला, तेव्हा शंकरसिंग आणि हंसाबाईही तिथंच होते. त्यानं कागद पाहिले, चष्मा पुसला, परत पाहिले. गाडी ताईंची, पण विमा त्यांचा नाही. विमा शंकरसिंगांचा, पण गाडी त्यांची नाही. दुसऱ्या कोणाचं नुकसान झालं असतं तर गोष्ट वेगळी होती. या बॉनेटचे पैसे मात्र दोघांपैकी कोणालाच मिळायचे नाहीत, हे त्यानं फार अदबीनं सांगितलं.

“म्हंजे निंबाले भेटतीन?” मारोतरावांनी विचारलं.

हंसाबाईंना हसू फुटलं. मग ताईंना. मग आवरेचना.

“ते असू द्या,” त्या माणसानं पेन उघडलं. “गाडी नेमकी कोणाची लिहू?”

मारोतराव तुरीकडे पाहू लागले. शंकरसिंगांचा हात आपोआप करदोड्यावरच्या चाबीकडे गेला. ताईंचं हसू अजून पुरतं ओसरलं नव्हतं. पदरानं डोळे पुसता पुसता, त्या हसण्यातूनच ते बाहेर पडलं.

“शंकरभाऊ, गाडी माही आहे. रविवारी या, शिकवा मले. पण ते चाबी द्या.”