वचनपेटीतली लबाडी

आढावांच्या घरात सकाळचा चहा वचनाशिवाय मिळत नसे. परळच्या भोईवाड्यातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दीड खोलीत बेचाळीस वर्षं हाच नेम होता. लग्नात आहेर म्हणून आलेली लाकडी वचनपेटी टेबलावर यायची. तिच्यात कागदाच्या दोनशे बारीक सुरळ्या उभ्या खोचलेल्या असायच्या, प्रत्येकीवर पवित्र शास्त्रातलं एक वचन. ज्याच्या हाती जी सुरळी येईल, ते त्याचं त्या दिवसाचं वचन. आधी शांतवनराव उचलून मोठ्यानं वाचायचे, मग लतिकाबाई. मग प्रार्थना, मग आमेन, आणि मगच चहा. तोवर चहावर साय धरायची, पण देवापुढे सायीची काय कथा.

शांतवनराव शिवडीच्या गोदामात टॅली क्लार्क होते. रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी आवाज अजून क्रेनखाली उभं राहून आकडे ओरडणाऱ्याचाच होता. त्या आवाजामुळेच चर्चच्या मंडळीत दर रविवारचं शास्त्रवाचन त्यांच्याकडे असायचं. अर्धंअधिक शास्त्र त्यांना तोंडपाठ होतं, आणि त्यातलं अर्धं तर त्यांनी बायकोशी वाद घालण्यासाठीच पाठ केलं असावं, असा लतिकाबाईंना दाट संशय होता.

सध्या वाद एकच होता. चार महिन्यांपूर्वी चाळीच्या मंडळानं डोळे तपासणीचं शिबिर भरवलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शांतवनरावांचे दोन्ही मोतीबिंदू पिकत आल्याचं सांगितलं होतं. वेळेवर काढले तर अर्ध्या तासाचं काम. नाही काढले आणि आतला दाब वाढला, तर गेलेली नजर परत येत नाही, हेही त्यांनी नीट समजावून सांगितलं. लतिकाबाई तेव्हापासून तारखा मोजत होत्या. शांतवनराव म्हणत, एका डोळ्याला जरा धुरकट दिसतं, बाकी सगळं ठीक आहे.

शिवाय ते आसा राजाला पुढे करत. हा जुन्या करारातला राजा दुखण्यात परमेश्वराकडे न जाता वैद्यांकडे गेला आणि मेला. आसाला पायाचं दुखणं होतं, डोळ्याचं नव्हे, असं लतिकाबाईंनी ठणकावून सांगून पाहिलं. पण राजा मेला होता हे खरं, त्याला त्या काय करणार? परळभर इतकी हॉस्पिटलं, की गॅलरीतून खडा भिरकावला तर कुठल्यातरी काचेला लागावा. आणि यांचा नवरा तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या राजाला घाबरून घरात बसलेला.

आता, शांतवनराव बायकोचं ऐकत नसले तरी सुरळीचं ऐकत. भावाबरोबर समेट कर, असं एकदा वचन निघालं, तर ज्या चुलतभावाशी अकरा वर्षं अबोला होता त्याच्याकडे ते त्याच दुपारी प्रभादेवीला जाऊन जेवून आले होते. लतिकाबाईंना हे आठवलं आणि त्यांच्या डोक्यात पाप शिरलं.

पहिल्यांदा त्यांनी पाप अगदी लहान ठेवलं. निरोग्यांना वैद्याची गरज नाही, तर दुखणाइतांना आहे, हे प्रभू येशूचे शब्द त्यांनी आपल्या हातानं एका कागदावर लिहिले, सुरळी केली आणि पेटीच्या उजव्या कोपऱ्यात खोचली, कारण नवऱ्याचा हात बहुधा तिकडेच जायचा. दुसऱ्या दिवशी हात डावीकडे गेला. मग त्यांनी तशा वीस सुरळ्या करून पेटीभर पेरल्या. आठवडाभर एकही निघाली नाही. निघालं काय, तर मी आपले डोळे पर्वतांकडे लावतो. शांतवनरावांनी ते इतक्या समाधानानं वाचलं, की लतिकाबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. देव आणि नवरा एका पक्षात गेले की बाईनं दाद मागायची कुणाकडे?

शेजारची सीमा कोर्टासमोरच्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात कामाला होती. लतिकाबाईंनी तिच्याकडे तीच वैद्याची ओळ दिली आणि दोनशे पट्ट्या छापून मागितल्या. चर्चचा कार्यक्रम आहे का, असं सीमानं विचारलं. लतिकाबाईंना खोटं बोलता येत नव्हतं, म्हणजे तोंडी येत नव्हतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. सीमा सावंतवाडीकडची. ती हसली नाही, पट्ट्या सरळ कापत राहिली.

“मावशी, आमच्या गावी पण देवळात कौल लावतात,” ती म्हणाली. “देवाच्या अंगावर फूल लावायचं, उजवीकडचं पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. पण फूल बोटानं ढकलायची हिंमत आमच्याकडं कोणाक नाय हां.”

लतिकाबाईंना ते लागलं. पण गरज पडली की शहाणं माणूसही बोट घालतंच. शुक्रवारी दुपारी शांतवनराव वामकुक्षीला आडवे झाल्यावर त्यांनी आपल्या हातच्या सुरळ्या वेचून फेकल्या, जुन्या दोनशे सुपारीच्या रिकाम्या डब्यात भरल्या आणि सीमाच्या पट्ट्या वळून पेटीत खोचल्या. आता उजवीकडून उचला नाहीतर डावीकडून, वैद्याशिवाय सुटका नव्हती. आपण किती हुशार आहोत, असं त्यांना संध्याकाळपर्यंत वाटत राहिलं.

शनिवारी सकाळी साडेआठला पेटी टेबलावर आली. शांतवनरावांनी डोळे मिटले, बोटं फिरवली, एक सुरळी काढली. ती उलगडून खिडकीच्या उजेडात लांब धरली, घसा खाकरला आणि गोदामातल्या आवाजात वाचलं:

“कारण आम्ही विश्वासाने चालतो, डोळ्यांनी दिसते त्याप्रमाणे चालत नाही. करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय पाच, वचन सात.”

एखादी जुनी सुरळी राहून गेली की काय, असं आधी लतिकाबाईंच्या मनात आलं. त्यांनी निरखून पाहिलं. कागद सीमाचाच होता, पांढराशुभ्र. छापलेली बाजू लतिकाबाईंकडे होती, तिच्यावरचा वैद्य त्यांना स्पष्ट दिसत होता. शांतवनराव कोऱ्या बाजूकडे बघून वाचत होते.

 लतिकाबाईंना एकेक गोष्ट आठवायला लागली. पेपर हल्ली घडीचा घडीच राहायचा. दूधवाल्याचं बिल बघ गं, चष्मा सापडत नाही, हे रोजचंच झालं होतं. जिना उतरताना ओठ हलायचे, ती प्रार्थना नव्हती, पायऱ्या मोजणं होतं. आणि गेल्या रविवारी यशयाचा अख्खा अध्याय हातातल्या पुस्तकाचं पान न उलटता पार पडला होता. मंडळीत कुणाच्या लक्षात आलं नाही. शेजारी झोपणाऱ्या बायकोच्या तरी कुठे आलं होतं? मागच्या वीस सुरळ्यांतल्या किती त्यांच्या हाती येऊन गेल्या असतील, देव जाणे. देवावर उगाच आळ घेतला होता.

बोलावं तर आपली चोरी आधी कबूल करावी लागणार होती. लतिकाबाईंनी चहावर बशी झाकली.

“अजून एक काढा,” त्या म्हणाल्या.

आज काय सण आहे का, असं विचारत शांतवनरावांनी खुशीत दुसरी काढली आणि मेंढपाळाचं स्तोत्र म्हटलं. तिसरीवर आकाशातली पाखरं निघाली, जी पेरत नाहीत की कापत नाहीत. चौथीवर ईयोब निघाला, पाचवीवर रूथ. पाच कागदांवर एकच ओळ होती आणि हा माणूस त्यांतून पाच वेगवेगळी वचनं काढत होता, अध्याय आणि क्रमांकासकट, कुठे शब्द इकडचा तिकडे नाही. लतिकाबाईंना त्याचा संताप आला, आणि अभिमानही वाटला, आणि सहावीच्या वेळी रडू आलं.

“पुरे,” त्या म्हणाल्या. “या पेटीत दोनशे सुरळ्या आहेत, आणि दोनशेंवर एकच वचन आहे. मी छापून आणलंय.”

शांतवनरावांचा हात पेटीतच राहिला. कुठलं, असं त्यांनी विचारलं. लतिकाबाईंनी वाचून दाखवलं. ते ऐकून गृहस्थ खाली मान घालतील, अशी कुणाची समजूत असेल तर त्यानं शांतवनराव पाहिलेले नाहीत. देवाच्या वचनात फेरफार करतेस, असं म्हणून ते तिच्यावरच उखडले. लतिकाबाईंनीही ऐकून घेतलं नाही. कोरा कागद वाचणाऱ्यानं दुसऱ्याला शिकवू नये, असं त्यांनी सुनावलं. आपण उच्चारलेला एकेक शब्द शास्त्रातलाच होता, असं शांतवनराव म्हणाले. छापलेलाही शास्त्रातलाच होता, असं लतिकाबाई म्हणाल्या. भांडण असं बरोबरीत सुटलं.

कधीपासून दिसत नाही, असं लतिकाबाईंनी विचारलं. ईस्टरपासून, असं शांतवनराव म्हणाले. उजेड-अंधार कळतो, माणसाची आकृती कळते, तोंड कळत नाही. मग त्यांनी थोरल्या भावाचं सांगितलं. गावाकडे त्याचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्या काळातलं. पट्टी सोडली तेव्हा सगळे खाटेभोवती उभे होते आणि भाऊ विचारत होता, पट्टी कधी सोडणार?

“मी सगळ्यात देवावर भरवसा ठेवतो गं,” शांतवनराव म्हणाले. आवाज पहिल्यांदाच दीड खोलीत मावेल इतका झाला होता. “खाण्यापिण्यात, दुखण्याखुपण्यात, मरणातसुद्धा. फक्त डोळ्यांचं मी त्याच्याकडे बोललोच नाही. म्हटलं, विचारलं आणि तो नाही म्हणाला तर?”

 लतिकाबाईंनी तरी दुसरं काय केलं होतं? देवाला तोंड उघडायला जागा राहू नये म्हणून त्यांनी त्याच्या पेटीत दोनशे वेळा आपलंच म्हणणं कोंबलं होतं. त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

मग त्यांनी पेटी टेबलावर उपडी केली, सीमाचे कागद गोळा करून बाजूला ठेवले आणि सुपारीच्या डब्यातल्या जुन्या सुरळ्या परत भरल्या. आता एकच काढा, त्या म्हणाल्या, मी वाचते. शांतवनरावांनी काढली आणि त्यांच्या हातात दिली.

सुरळी उलगडेपर्यंत लतिकाबाईंच्या लक्षात आलं, की आपल्या हातात आज केवढी सत्ता आली आहे. त्या काहीही वाचू शकत होत्या. ऊठ आणि जा, म्हटलं असतं तरी समोरच्याला कागद दिसणार नव्हता, आणि तो गेलाही असता. हॉस्पिटलचे केसपेपर अकराला बंद होत. त्यांनी कागदाकडे पाहिलं. 

“तुझी टोपली आणि तुझी परात आशीर्वादित होईल,” त्यांनी वाचलं.

शांतवनरावांनी कान टवकारले. पुढे काय आहे, असं त्यांनी विचारलं. पुढे काही नाही, टोपली आणि परात, एवढंच. डोळा? नाही. वैद्य? तोही नाही. लतिकाबाईंना वाटलं, संपलं सगळं, आता हा माणूस टोपलीचा आधार घेऊन पुन्हा घरात बसणार.

शांतवनराव हसायला लागले. आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग असे की पलीकडून सीमाच्या आईनं भिंतीवर थाप मारून सगळं ठीक आहे ना विचारलं.

“हे तू बनवलेलं नाहीस,” ते डोळे पुसत म्हणाले. “बनवलं असतंस तर काहीतरी कामाचं बनवलं असतंस.”

नाही बनवलं, लतिकाबाई म्हणाल्या. दोघांनी प्रार्थना केली. रोज शांतवनराव करत ती लांबलचक, जगातल्या सगळ्या राज्यकर्त्यांना सांभाळून घेणारी. आज ती दोन वाक्यांची झाली. डोळ्यांचं तू बघ, असं पहिलं. नाही म्हणालास तरी आम्ही इथेच आहोत, असं दुसरं. आमेन लतिकाबाईंनी म्हटलं. चहा थंडगार झाला होता, तो तसाच प्यायले.

केसपेपर अकराला बंद होतात ना, असं म्हणत सव्वानऊला शांतवनराव उठले. कपाटापर्यंत ते बरोबर गेले, दारही उघडलं. मग उघड्या कपाटासमोर हात लोंबते ठेवून उभे राहिले. गेले कित्येक महिने ते बोटांनी चाचपून, कापडाच्या जाडीवरून शर्ट ओळखत आले होते, आणि बायकोला हे आज, या क्षणी कळत होतं.

“लतिका,” त्यांनी हाक मारली, “यातला पांढरा कुठला, ते तूच सांग.”