आज कळलावी लावली

छबूबाई जाऊन सात महिने झाले होते, आणि रविवारी सकाळी गोरक्षने तिची नोंद खोडायला काढली.

मिरजगावचा झाडांचा गट म्हणजे बारा-पंधरा माणसं. घरी परसबाग करायची आणि रविवारी माळावर जाऊन आपोआप उगवलेली देशी झाडं शोधायची, फोटो काढून मोबाईलवरच्या ॲपमध्ये टाकायचे. छबूबाई सातवी शिकलेली, पण पाला चुरगळून नुसत्या वासावर झाड ओळखायची. गायरानाच्या कडेला, बोराटीच्या जाळीत तिला कळलावीचा वेल सापडला होता. या बाजूला रानात कळलावी गटातल्या कुणीच पाहिली नव्हती. गट आता रानझाडांचं पुस्तक छापणार होता आणि त्या वेलाखाली तिचं नाव येणार होतं. तिचा नवरा रंगनाथ त्या एका ओळीची वाट बघत होता.

"नाना, राग नका धरू," गोरक्ष म्हणाला, "पण लावलेलं झाड पुस्तकात चालत न्हाई."

"लावलं कुणी?"

गोरक्षने मोबाईल पुढे केला. गेल्या श्रावणातला छबूबाईचाच मेसेज होता. 'आज कळलावी लावली. गायरान, बोराटीपाशी.'

"काकूंनीच लिवलंय. आता मी काय करू?"

"नावातच कळ हाय तिच्या," मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले. यादी ठेवणारी पंकजाबाई, शाळेतली मास्तरीण, हसली नाही. "पुढच्या रविवारी ठरवू," ती म्हणाली.

रंगनाथ घरी आला तो गोरक्षला शिव्या घालतच. याची एवढी मोठी नर्सरी, दहा वर्षं हा त्याच वाटेनं जातो. याला दिसली नाही आणि सातवी शिकलेल्या बाईला दिसली, म्हणून पोटात दुखतंय.

पण संध्याकाळी भाकरी थापताना त्याला भंडारदऱ्याची सहल आठवली. गेल्या आषाढात गट तिकडे गेला होता. छबूबाई परत आली तेव्हा तिच्या पिशवीत वर्तमानपत्राचं पुडकं होतं. "काय हाय त्यात?" त्यानं विचारलं होतं. "तुमाला काय करायचंय?" म्हणून ती हसली होती. दुसऱ्या दिवशी पुडकं घरात नव्हतं. तिकडच्या डोंगरात तर कळलावी ढिगानं. आणि पंधरा दिवसांत हिला ती इथे सापडली.

भाकरी करपली.

तीन दिवस त्यानं कुणाला काही विचारलं नाही. विचारलं तर आपल्यालाच शंका आहे हे कळलं असतं. कळलावी सापडली तेव्हा सगळ्या गटानं टाळ्या वाजवल्या होत्या. त्या वेळचा तिचा चेहरा त्याला सारखा दिसायला लागला. इतकी खूश कशानं झाली होती?

गुरुवारी खुरपं घेऊन तो एकटाच गायरानात गेला. लावलेली असेल तर खाली वेगळी माती लागेल, पिशवीचा तुकडा लागेल. खाली नुसता मुरूम लागला. एक दगड हलवला आणि त्याखालचा नांगरासारखा वाकडा कंद कट्‌कन मोडला. वेल हातात आला. वेगळी माती नाही, पिशवी नाही. तरी काय? नुसता कंदही पुरता येतो. त्यानं सगळं परत खड्ड्यात सारलं, पायानं दाबलं आणि घरी आला.

शनिवारी त्यानं तिचा मोबाईल उघडला. रोज चार्ज करायचा, पण आत कधी बघितलं नव्हतं. तिनं नातीला, सुकन्याला पाठवलेले जुने मेसेज तो वाचत गेला. 'आज तरवड लावला.' 'आज टाकळा लावला.' 'भंडारदऱ्याहून पुडक्यात आणलेल्या बांगड्या बसल्या का?' 'आज टिटवी लावली, अंडी चार.'

तो थांबला. टिटवी?

'आज घोरपड लावली. लई पळाली.'

मोबाईल तिला सुकन्यानंच शिकवला होता. ती पोरगी दिवसभर 'स्टेटस लावला, फोटो लावला' करायची. छबूबाईचंही फोटो टाकणं म्हणजे 'लावणं' झालं होतं. रंगनाथ मोठ्यानं हसला आणि मग त्याला खुरपं आठवलं.

रविवारी त्यानं मेसेज दाखवले. गोरक्षच सगळ्यात जास्त हसला. "घोरपड लावली! चुकलं नाना, कान पकडतो." पंकजाबाईनं नोंद कायम केली. "पुस्तकासाठी ताजा फोटो काढू," म्हणून सगळे जाळीपाशी गेले.

वेल वाळून बोराटीवर लोंबत होता.

गोरक्षनं खाली बसून माती चाचपली. "खांदलीय कुणीतरी. कंद विकत्यात लोक."

 सगळ्यांची नजर गोरक्षवर गेली. नर्सरी त्याची होती.

"जागा फक्त आपल्या गटालाच माहीत होती, गोरक्षभाऊ," पंकजाबाई म्हणाली.

"म्हंजी? माझ्यावर आळ घेता का काय?"

रंगनाथला गप्प राहता आलं असतं. आठवडाभर याच माणसाला त्यानं शिव्या दिल्या होत्या.

"मी खांदली," तो म्हणाला.

"तुमी? का वो नाना?"

"लावलेली हाय का, ते बघाया."

पंकजाबाईनं वही उघडली. मग हळू आवाजात विचारलं, "शोधणाऱ्याचं नाव छबूबाई, ते राहील. पण 'झाड आता आहे का' या रकान्यात काय लिहू?"

"न्हाई लिवा," रंगनाथ म्हणाला. "आन् फुडं लिवा, नवऱ्यानं काढली."