तीन अंशांचं खोटं

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे, चॉकलेटच्या दुकानातला. सध्या खणात पडून असतो, आणि ते माझ्याच कर्माचं फळ आहे.

रोह्यात पुलाच्या अलीकडे शौनक आणि अंतरा या बहीणभावांचं दुकान आहे. अंतरा फ्रान्समध्ये चॉकलेट शिकली आणि येताना मला घेऊन आली. शौनक जपानमधून कडधान्याच्या गोड सारणाची मिठाई शिकून आला. इथे त्यांनी आपले वाल घेतले. ते सोलून, शिजवून, साखरेत आटवायचं काम दुकानात कामाला असलेल्या वयस्कर विमलबाईंचं. त्या सारणाच्या गोळीवर चॉकलेट चढायचं. वालाचं चॉकलेट म्हणून आधी लोक हसले, मग वडखळहून गाड्या वळवून येऊ लागले.

तेव्हा मला केवढा भाव! वितळलेलं चॉकलेट बत्तीस अंशांवर आलं का, हे मला विचारल्याशिवाय अंतरा गोळी बुडवत नसे. विमलबाई मात्र चॉकलेटचा थेंब खालच्या ओठाला लावायच्या आणि सांगायच्या, "झालं गो, बुडव." मला हसू यायचं.

एके सकाळी मी ओट्यावरून घसरलो. काच शाबूत राहिली, पण आतली आकड्यांची पट्टी सरकली. मी तीन अंश कमी दाखवू लागलो. कुणाला कळलं नाही. मला कळलं होतं.

त्याच आठवड्यात पेणच्या एका लग्नाच्या चारशे गोळ्या करायच्या होत्या. विमलबाईंनी थेंब ओठाला लावला. "गरम हाय अजून. थांब जरा."

"नाही हो मावशी, बरोबर बत्तीस आहे," अंतरा माझ्याकडे बघून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गोळ्यांवर पांढरे डाग उठले. लग्नघरून खोकी परत आली.

"सारणात पाणी राहिलं असणार," शौनक म्हणाला. "मावशी, तुमचा हात आता पहिल्यासारखा नाही राहिला."

"नाय रे बाबा, नीट आटवलं मी." पदराला हात पुसून त्या आपल्या गावी निघून गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि चोर खिळ्याला लटकून बघत होता.

सारण आता शौनक आटवू लागला, तरी डाग उठतच राहिले. शेवटी अंतराने मला उकळत्या पाण्यात धरलं. मी सत्त्याण्णव दाखवले. पाणी शंभराला उकळतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणजे माझ्या बत्तिसाला चॉकलेट खरं पस्तीस अंशांवर असायचं आणि डाग त्यानेच उठायचे, हे तिला कळलं. तिने मला तेव्हाच फोडलं असतं तर बरं झालं असतं.

दोघं विमलबाईंच्या दारी गेली, माफी मागून त्यांना घेऊन आली. सारण तेच, हातही तोच. अंतराने नवा थर्मामीटर आणला, पण आधी मावशींना विचारते. त्या थेंब ओठाला लावतात आणि घुटमळतात.

मित्रांनो, माझ्यासारखी अवजारं अधूनमधून मोठ्यांकडून तपासून घ्या. आणि जुनं माणूस "थांब जरा" म्हणालं, तर खरंच थांबा. माझी पट्टी कुणीही जागेवर बसवेल. पण विमलबाई आता रोज म्हणतात, "झालं वाटतं मला. तू बघ गो एकदा." पूर्वी त्या असं कधीच म्हणत नसत.