करियाला कळणारा शब्द

दानेश्वरीचे वडील, अप्पा, जाऊन महिना झाला होता. त्यांच्या कुत्र्याला, करियाला, ती सोलापुराहून पुण्याला आपल्या घरी नेत होती, शाळूसोबती ऋतुराजच्या छोट्या विमानातून. हवेत उलटी होऊ नये म्हणून करियाला रिकाम्या पोटीच आणलं होतं. त्याचा छातीपट्टा तिने मागच्या सीटला नीट अडकवला, तरी तो उघड्या दाराकडे तोंड करून उभाच.

"हा बसल्याशिवाय मी इंजिन चालू करणार नाही," ऋतुराज म्हणाला. "हवेत उसळून माझ्या अंगावर आला, तर आपण तिघंही गेलो."

"बस, करिया. बस की रे!"

करिया ढिम्म हलला नाही.

"वर्गातसुद्धा कुणी तुझं ऐकत नव्हतं, मॉनिटरबाई."

ती हसली नाही. अप्पा करियाशी कानडीतच बोलायचे. तिच्याशीही. उत्तरं मात्र ती मराठीत द्यायची. कितीतरी वर्षांनी तिने 'बस'साठीचा त्यांचा कानडी शब्द उच्चारला, आणि तो आपोआप अप्पांच्याच सुरात आला.

"कुंद्रो, करिया."

करिया झटकन बसला. पण त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. कान टवकारून, शेपूट हलवत तो दाराबाहेर पाहत राहिला. तीही तिकडेच पाहू लागली.

"बसला एकदाचा," ऋतुराज म्हणाला. "लावू दार?"

"जरा थांब," ती म्हणाली.