‘नाही’च्या दिवशीचा शर्ट

पाकिटात ‘नाही’ निघालं तसं खंडेराव हवालदारांनी टोपी काढली आणि मोटरसायकलच्या आरशाला अडकवली.

“सलग तिसरा नाही,” ते म्हणाले. “ताई, तुमच्या पुण्याच्या कॉम्प्युटरला माझं तोंड आवडत नाय काय?”

“कॉम्प्युटरला तोंड दिसत नाही, मामा. म्हणून तर चिठ्ठ्या त्याने काढल्यात,” उजमा म्हणाली. “आपण काढल्या असत्या तर ऊन बघून काढल्या असत्या.”

चहावाला हसला. लष्करी छावणीजवळच्या त्याच्या टपरीवर रोज सकाळी साडेसातला हा कार्यक्रम व्हायचा. २०१६चा एप्रिल होता. टपरीवाल्याने पाण्याचा जग बाकावर ठेवणं बंद केलं होतं. मागेल त्यालाच अर्धा पेला मिळायचा.

उजमा पुण्याच्या एका संस्थेसाठी काम करत होती. अभ्यास साधा होता. रस्त्यावर पोलीस दिसला की गाड्या किती हळू होतात, आणि नाही दिसला तर किती लवकर विसरतात, एवढंच मोजायचं होतं. साठ दिवस, साठ बंद पाकिटं. ‘हो’ निघालं तर खंडेरावांनी पडेगावच्या पुढे, दौलताबादच्या रस्त्यावर, आठ ते एक उभं राहायचं. ‘नाही’ निघालं तर दोन किलोमीटरच्या आत दिसायचंही नाही. उजमा मात्र दोन्ही दिवशी तिथेच असायची. प्लॉटिंगच्या एका मोठ्या फ्लेक्समागे स्टूल टाकून ती बसायची आणि फ्लेक्सला पाडलेल्या भोकातून वेग मोजायची. फ्लेक्सवर लिहिलं होतं, ‘निसर्गाच्या कुशीत तुमचं हक्काचं घर’. त्या कुशीतली बोअर पाचशे फुटांवर कोरडी निघाल्यापासून प्लॉटवाला तिकडे फिरकला नव्हता, त्यामुळे भोकाबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

मोजायचे ते फक्त पाण्याचे टँकर. शहराच्या कडेला भरून ते गावांकडे जायचे आणि रिकामे होऊन परत यायचे. भरलेला टँकर आपल्या वजनानेच सांभाळून जातो. धोका रिकाम्याचा. दिवसाच्या खेपा ठरलेल्या, प्रत्येक खेपेला गावातल्या दोन बायांच्या सह्या घ्यायच्या, आणि एक खेप हुकली की संध्याकाळी त्याच बाया हंडे घेऊन ड्रायव्हरला घेरायच्या.

हे काम खंडेरावांना कुणी दिलं नव्हतं. त्यांनी ते मागून घेतलं होतं. वय छप्पन, नोकरी एकतीस वर्षं, गुडघे दुखत होते. साहेबांनी विचारलं, “उन्हात कशाला मरता? ऑफिसात बसा.” तर म्हणाले, “बघू द्या साहेब, काय निघतंय ते.”

काय निघायला हवं होतं, ते त्यांनी साहेबांना सांगितलं नाही. आदल्या वर्षी नऊ मे रोजी सकाळी दहाच्या सुमारास, त्याच रस्त्यावरच्या वळणावर, मुंजाबा नावाच्या धनगराला एका रिकाम्या टँकरने उडवलं होतं. तो शेळ्या पलीकडे नेत होता. त्या दिवशी तिथली ड्युटी खंडेरावांची होती; पण आठ वाजता त्यांना एका सभेच्या बंदोबस्ताला शहरात बोलावून घेतलं गेलं. दुपारी परत आले तेव्हा रस्त्यावर माती टाकलेली होती. त्यात त्यांचा दोष नव्हता, असं सगळेच म्हणाले. दोषाचं त्यांनाही कळत होतं. त्यांना वेगळंच हवं होतं: आपण तिथे असतो तर फरक पडला असता का? एकतीस वर्षं आपण रस्त्यावर उभे आहोत, त्याने कधी काही झालं का?

उजमाला त्यांनी हे पहिल्याच आठवड्यात विचारलं. ती म्हणाली, “साठ दिवस थांबा, मामा. आकडा येईल.”

आकडा येतही होता. पहिल्या महिन्यात ‘नाही’च्या दिवशी रिकाम्या टँकरचा सरासरी वेग त्रेसष्ट होता, ‘हो’च्या दिवशी सेहेचाळीस. खंडेरावांनी हे दोन आकडे डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते. घरी बायकोला दाखवले. ती म्हणाली, “म्हंजे तुमच्यामुळं सतरानं कमी झालं. पगारात वाढलं असतं तर बरं होतं.”

मग एप्रिलच्या मध्यात आकडा बिघडला. ‘नाही’च्या दिवशीही टँकर अठ्ठेचाळीसने येऊ लागले. तीन ‘नाही’ झाले तरी तेच. चौथ्या ‘नाही’ला उजमाने यंत्र बदललं. फरक नाही.

पाचव्या ‘नाही’ला ती नऊ वाजता मोजणी सोडून टपरीवर परत आली. खंडेराव तिथे चहा पीत होते; तिने घेतला नाही.

“मामा, एक विचारते. राग मानू नका. ‘नाही’च्या दिवशी तुम्ही तिकडे येता का?”

खंडेरावांचा पेला हातातच राहिला. “म्या? चौकीत असतो. रजिस्टर बघा. सही हाय.”

“मग कुणी तरी उभं राहतंय.”

तेवढ्यात सरदार नावाचा टँकरवाला चहाला उतरला. चाळिशीचा, गळ्यात ओला टॉवेल. खंडेरावांना बघून तो थबकला.

“क्या मामा, इधर कैसे? अभी तो मोड पे देखा तुमको.”

“मला?”

“हौ तो. सफेद शर्ट, हात ऐसा आडवा. मैं सामनेवाले तीन गाड्यांला डिपर मारा, डोक्यावर हात ठेवून दाखवला, मामा खडा है बोलके. आजकल सुट्टी नै लेते क्या तुम?”

उजमाने पिशवी खांद्याला लावली. मग ती खंडेरावांच्या मोटरसायकलवर मागे बसली. नियम मोडत होता, पण ते दोघांनाही नंतर सुचलं.

फ्लेक्सच्या पुढे दोनशे पावलांवर रस्ता वळतो. फ्लेक्समागून ते वळण दिसत नाही. वळणावर, कडेच्या बाभळीच्या सावलीत, एक पोलीस उभा होता. पांढरा शर्ट, खाकी गोणपाटाची पँट, आडव्या काठीचे हात. डोक्याच्या जागी चुना फासलेलं मडकं.

खंडेराव जवळ गेले. शर्टाच्या खिशाला निळ्या दोऱ्याची शिवण होती. पांढरा दोरा संपला म्हणून त्यांच्या बायकोने दिवाळीत घातलेली. छातीवर नावाच्या पट्टीची दोन भोकं होती.

शर्ट त्यांनीच दिला होता. पाडव्याच्या सुमारास मुंजाबाची बायको मंजुळाबाई म्हणाली होती, “हवालदारभाऊ, जुनंपानं काय असंल तर द्या, बुजगावण्याला.” त्यांनी दुसऱ्या दिवशी आणून दिला. खंडेराव शेतकऱ्याचं पोर. आजूबाजूच्या एकाही रानात हिरवी काडी नव्हती, पाखरांना टिपायला दाणा नव्हता, तर बुजगावणं कशाला, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पडला नव्हता. विधवा बाईला नाही म्हणायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

मंजुळाबाई बाभळीच्या पलीकडे शेळ्यांना शेंगा झोडत होती. तिने काठी खाली ठेवली नाही.

“हे तुम्ही उभं केलं?” उजमाने विचारलं.

“व्हय.”

“कधीपासून?”

“भाऊ येत न्हाईत त्या दिशी. आठ वाजेपस्तोर वाट बघती. आले तर आडवं करून ठिवती. दोघं कशाला उन्हात?”

खंडेरावांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. उजमाला आलं नाही.

“मावशी, आमचा अभ्यास चाललाय. काही दिवस रस्त्यावर कुणीच नको, म्हणजे खरं काय ते कळेल. हे काढावं लागेल.”

“किती दिस?”

“महिनाभर.”

मंजुळाबाईने पलीकडे बोट दाखवलं. पाण्याच्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह तिथे गळत होता. त्याखाली हातभर ओल होती आणि ओलीत एक घमेलं. “शेरडं दिसातून दोनदा तितं न्यावी लागत्यात. दुसरं पाणी न्हाई. तुमी चिठ्ठी बघून येता, बाई. गाड्या काय चिठ्ठी बघून येत्यात?”

उजमाने व्हॉल्व्हकडे बघितलं. मग वळून हळू आवाजात म्हणाली, “मामा, शर्ट तुमचा आहे. तुम्हीच मागा. नाही तर आकडा येणार नाही. तुम्हाला हवा होता तो आकडा.”

खंडेरावांनी शर्टाकडे बघितलं. वाऱ्याने बाही फुगली होती.

“ताई,” ते म्हणाले, “दिलेलं कापड परत मागत नसत्यात.”

उजमाने पुण्याला फोन केला. तिकडचे सर आधी चिडले. मग त्यांनी विचारलं, मडक्याला डोळे काढलेत का. नाही म्हटल्यावर म्हणाले, “राहू दे. किती दिवस टिकतं ते मोज.” उजमाच्या कागदावर दोनाचे तीन रकाने झाले: हो, नाही, शर्ट.

शर्ट अकरा दिवस टिकला. बाराव्या दिवशी एका टँकरच्या क्लीनरने लघवीला उतरल्यावर मडकं जवळून बघितलं. दुपारपर्यंत सगळ्या ड्रायव्हरांना कळलं. वेग त्रेपन्न झाला, मग साठ, मग पासष्ट. आधीपेक्षाही दोनने जास्त. टँकर वळणावर हॉर्न वाजवायचे आणि आतून ओरड यायची, “सलाम, मटका मामा!” कुणी तरी मडक्याच्या तोंडात विडी खोचली. मंजुळाबाईने ती काढून टाकली. त्या आठवड्यात तिचं एक करडू चाकाखाली गेलं.

“फसवलं गेल्याचा राग आहे त्यांना,” उजमा म्हणाली. “लिहून ठेवायला हवं.”

“लिवा,” खंडेराव म्हणाले. ते करडाबद्दल विचार करत होते.

एकोणपन्नासाव्या दिवशी पाकिटात ‘नाही’ निघालं. खंडेरावांनी सही केली आणि ते गेले. उजमा फ्लेक्समागे बसली. नऊ वाजेपर्यंतचे वेग नेहमीचे होते. सव्वानऊला वळणाकडून हॉर्न ऐकू आला, “सलाम, मटका मामा!” ऐकू आलं, आणि लगेच शिट्टी. करकचून ब्रेक. मग बराच वेळ काहीच नाही.

ती धावत वळणावर गेली. सरदारचा टँकर तिरका उभा होता. बाभळीच्या सावलीत, बुजगावण्याच्या जागी, हात आडवे पसरून खंडेराव उभे होते. चेहऱ्याला चुना. तो घामाने मानेवर उतरला होता. बुजगावणं त्यांच्या पायाशी आडवं होतं.

“या अल्ला,” सरदार केबिनमध्ये छातीवर हात ठेवून बसला होता. “मटके ने शिट्टी मारी! मामा, ऐसा मजाक करते क्या? मेरा दिल बंद पडता ना!”

“बंद पडला न्हाय ना? गाडी थांबली. आता वालेकुम सलाम घे आन खाली उतर. लायसन्स.”

“तिकडं बाया वाट बघतायत, मामा. मी लेट झालो तर शिव्या कोण खातं? तुम खाते क्या?”

“इकडं पण एक बाई वाट बघती,” खंडेराव म्हणाले. “वरीस झालं.”

सरदारने मंजुळाबाईकडे बघितलं. ती शेळ्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. तो खाली उतरला, लायसन्स दिलं आणि दंडाच्या पावतीवर सही केली.

उजमाने त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं: ‘एकोणपन्नासावा. बिघडलेला.’ मामांना ती रागावली. त्यांनी चुना पुसत ऐकून घेतलं.

पण उरलेले अकरा दिवस तिने मोजले आणि पुन्हा पुन्हा मोजले. शर्ट उभा असायचा तेव्हा टँकर पंचेचाळीसने येत होते, खऱ्या खंडेरावांच्या वेळेपेक्षाही एकाने कमी. ड्रायव्हर दुरूनच मान पुढे काढून बघायचे. मडकं आहे की माणूस, हे कळेपर्यंत वळण संपलेलं असायचं.

साठाव्या दिवशी तिने स्टूल दुमडलं. खंडेराव डायरी उघडून उभे होते, मागचं पान.

“मग, ताई? आला आकडा?”

“पहिल्या महिन्याचा आहे. तो स्वच्छ आहे. तुम्ही असता तेव्हा सेहेचाळीस, नसता तेव्हा त्रेसष्ट.”

“ते ठावं हाय. मी त्या दिशी असतो तर? मुंजाबा?”

उजमाने स्टूल खाली ठेवलं. सोपं उत्तर तिच्याकडे होतं, आणि समोरच्या माणसाला ते चाललंही असतं.

“टँकर बहुतेक हळू आला असता, मामा. बहुतेक. पण सरासरी ही पुष्कळ गाड्यांची असते. त्या एका गाडीचं, त्या एका माणसाचं मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही.”

खंडेरावांनी मान हलवली. डायरीत ‘बहुतेक’ एवढाच शब्द लिहिला आणि ती खिशात ठेवली.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. पडेगावच्या पुढे पोलीस उभा करायची पद्धत त्याआधीच बंद झाली होती. फ्लेक्सच्या जागी दोन इमारती झाल्या, खाली टँकरची रांग.

२०१९च्या मे महिन्यात, पुन्हा तसाच उन्हाळा होता, खंडेराव एका लग्नाहून दौलताबादकडून शहराकडे येत होते. उशीर झाला होता, ऊन डोक्यावर होतं, स्कूटरचा काटा साठीला टेकला होता. वळण आलं. बाभळीखाली पांढरं काही तरी दिसलं आणि त्यांची मूठ आपोआप सैल झाली. काटा चाळीसवर आला. समोरून शेळ्या रस्ता ओलांडत होत्या. मागे काठी घेतलेली मंजुळाबाई, आता वाकलेली. तिने गाडीकडे बघितलंही नाही.

शेवटची शेळी पलीकडे जाईपर्यंत ते थांबले. मग स्कूटर कडेला लावून बाभळीखाली गेले. शर्ट विरून पिवळा पडला होता, निळी शिवण मात्र शाबूत होती. वाऱ्याने मडकं रानाकडे फिरलं होतं. खंडेरावांनी ते रस्त्याकडे वळवलं, कॉलरचं बटण लावलं, आणि एक पाऊल मागे सरकून शर्ट सरळ बसलाय का ते बघितलं.