डाव्या चाकाची पिन

पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची बेरिंगं उघडायची, हा म्हाताऱ्याचा नेम. त्यात तो कुणाला बोट लावू देत नसे. त्या सकाळीही त्यानं जॅकवर ट्रॉली उचलली, दुसऱ्या चाकाला दगडाची अटक लावली आणि खाली पोतं अंथरून बसला. चाकाची टोपी ठोकून काढली, पिन ओढली, नट सोडला. बेरिंग डिझेलात बुडवून जुनं काळं ग्रीस ब्रशनं धुतलं, फडक्यानं कोरडं केलं. मग तळहातावर नव्या ग्रीसचा गोळा घेऊन त्यावर बेरिंग दाबत बसला. पलीकडच्या फटींतून ग्रीस वर डोकावल्याशिवाय त्याचं समाधान होत नसे. चाक चढवून, हातानं फिरवत फिरवत त्यानं नट आवळला, पुन्हा केसभर ढिला केला, नट सुटू नये म्हणून पिन घातली आणि तिचे पाय दुमडले.

सून चहा घेऊन आली. म्हणाली, "मामंजी, तान्ह्या लेकराचं करावं तसं करता हो या चाकांचं."

म्हातारा हसला. घरात त्याच्याशी नीट बोलणारी तेवढी तीच उरली होती. लेकाचं आणि त्याचं महिनाभर फाटलं होतं. रस्त्याकडेचं रान वीटभट्टीला द्यायचं लेकाच्या डोक्यात होतं, आणि माझे डोळे मिटल्यावर काय ते करा, असं म्हाताऱ्यानं तोंडावर सांगितलं होतं. त्यानंतर लेक गप्पच झाला होता.

दुसऱ्या दिवशी लेकानं ट्रॉली बाहेर काढली आणि फाटकातच थांबवली. दूधवाला, शेजारी, चार माणसं उभी होती. त्यांच्यादेखत त्यानं बापाला हाक मारली. डावं चाक डुगडुगत होतं. टोपी उघडून बघितलं, तर आत पिनच नव्हती. मी घातली होती, असं म्हातारा सांगत राहिला. दूधवाला हळूच म्हणाला, वय झालं की व्हायचंच असं.

पंधरवड्यानं तेच. या खेपेला तर म्हाताऱ्यानं नवी पिन घालून वर दोनदा चाचपली होती.

मग मात्र त्याचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. गोठ्यातली जनावरं पुन्हा पुन्हा मोजू लागला. कडी लावली का, म्हणून उठून बघू लागला. एकदा तर, मी जेवलो का गं, असं त्यानं सुनेला विचारलं आणि ती पदर तोंडाला लावून आत गेली. लेक आता गोड बोलायचा. तुम्ही आराम करा म्हणायचा, पाठीवरून हात फिरवायचा. शेवटी म्हाताऱ्यानंच त्याला बोलावून किल्ल्या दिल्या, पुढ्यात आलेल्या कागदावर सही केली. आठवड्याच्या आत रस्त्याकडेच्या रानाची वरची माती खरवडून गेली.

भट्टी पेटली, त्याच सुमाराला कधीतरी दुपारी तो भिंतीला टेकून बसला होता. पलीकडे लेक दूधवाल्याशी बोलत होता.

"एका पिनेवर घरी बसवलं म्हाताऱ्याला," लेक म्हणाला. "पकडीनं ओढायची आणि खिशात टाकायची. दोनदाच करावं लागलं."

दूधवाला खो खो हसला.

रात्री जेवताना लेकानं भाजी वाढली, ती म्हाताऱ्यानं मुकाट्यानं खाल्ली.

पुढच्या हंगामात बेरिंगं लेकानं उघडली. धुतली नाहीत की पुसली नाहीत. जुन्या गाळावरच वरवर ग्रीस फासलं आणि पान्यावर उभा राहून नट करकचून आवळला. म्हातारा ओट्यावरून बघत होता. थोड्याच दिवसांत ट्रॉली दारातून जाताना डाव्या चाकातून बारीक घरघर येऊ लागली. रोज ती थोडी जाड होत गेली.

सुनेनं विचारलं, "मामंजी, चाकाचा आवाज येतोय का हो?"

"मला काय कळतंय आता," तो म्हणाला. "तू मात्र ट्रॉलीत बसू नकोस."

भट्टीच्या उतारावर, विटांचा भार असताना ते चाक धुरावलं आणि अडकलं. लेक खाली उतरून वाकून बघायला गेला, तेवढ्यात चाकाचा आस मोडून ते निखळलं आणि विटांसकट ट्रॉली त्याच्यावर कलंडली. जीव वाचला. उजवा पाय मांडीपासून काढावा लागला.

आता त्याचं सगळं म्हाताराच करतो. उचलून बसवतो, अंग पुसतो, घास भरवतो. गावात त्याचं कौतुक होतं, बाप असावा तर असा.

एका दुपारी जखमेची पट्टी बदलताना लेकानं त्याचं मनगट धरलं.

"बाबा, त्या चाकाचा आवाज तुम्हाला ऐकू आला नव्हता?"

"आला होता."

"मग बोलला का नाही?"

म्हाताऱ्यानं मनगट सोडवून घेतलं आणि पट्टीची गाठ घट्ट मारली.

"वाटलं, मलाच भास होतोय."