निर्णयास लागलेला वेळ

त्या माणसाला शिव्या द्यायच्या नाहीत, हे कात्रीबाईने केव्हाच ठरवलं होतं. शिव्या तो गिळून वर ढेकर देईल. त्याला त्याचाच आवाज ऐकवायचा, भरल्या हॉलमध्ये, आणि तोही त्याच्याच मंजुरीने.

'कात्रीबाई' हे ऑफिसने ठेवलेलं नाव. कंपनी रजेचं सॉफ्टवेअर विकायची. कर्मचाऱ्याने अर्ज टाकायचा, साहेबाने 'मंजूर' किंवा 'नामंजूर'चं बटण दाबायचं, इतकं सोपं. ते कसं चालतं हे गिऱ्हाइकांना दाखवणारे व्हिडिओ ती बनवायची. स्क्रीन रेकॉर्ड करायची, मग अडखळलेलं कापायचं, गोल फिरत राहिलेलं चक्र कापायचं, साहेबाचा खोकला कापायचा. सात वर्षांत तिने इतकं कापलं होतं की उरलेलं बघून कुणालाही वाटावं, इथे सगळं कसं बिनबोभाट चालतं.

साहेबाला सगळे मागून टिचकीसाहेब म्हणत. "एक टिचकी, विषय संपला" हे त्याचं पेटंट वाक्य. माणूस कसाही असो, आवाज मधाळ होता, म्हणून प्रत्येक व्हिडिओत बोलायचा तोच. जुन्या फायलींच्या खोलीत भिंतींना फोम चिकटवून स्टुडिओ केला होता. घरघर नको म्हणून एसी बंद करावा लागे आणि साहेब आतून घामाघूम होऊन बाहेर येई. त्याचा लाडका भाग म्हणजे अर्जाशेजारचा एक रकाना, 'निर्णयास लागलेला वेळ'. आपला झटपट कारभार जगाला दिसावा म्हणून तो त्याने खास करून घेतला होता. शिवाय व्हिडिओच्या शेवटी ऑफिसचा पत्ता हवाच, मोठ्या अक्षरांत, चांगला दहा सेकंद. गिऱ्हाईक थेट दारात आलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

आई आजारी पडली तेव्हा ती दादा-वहिनीकडे होती, बसने सहा तासांवर. कात्रीबाई केबिनमध्ये सांगायला गेली. साहेबाने मान वर न करताच म्हटलं, "तोंडी नको हो. अर्ज टाका. सिस्टिम कशाला केलीय आपण?"

तिने टाकला. नऊ दिवसांत चार टाकले. चारही नामंजूर. नव्या आवृत्तीचं काम चालू होतं ना, रविवारीसुद्धा! न सांगता निघून गेली असती तर? हा प्रश्न ती स्वतःला रोज विचारायची. पण आईची औषधं तिच्याच पगारावर चालली होती, नोकरी घालवून जाणार कशी? चौथा अर्ज फेटाळला त्याच दिवशी संध्याकाळी आई गेली. पाचवा अर्ज मात्र आपोआप मंजूर झाला. घरचं माणूस मेलं की सिस्टिम कुणाला विचारत नाही.

ती पोचली तेव्हा दादाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दार वाजलं की आई विचारायची, आली का गं? तुझी वाट बघत गेली."

"दादा, मी चार अर्ज केले रे."

"चार-चार अर्ज कोण नाकारतं? सरळ सांग की, काम मोठं होतं."

"जाऊ द्या हो आता," वहिनी म्हणाली. पण दादाने जाऊ दिलं नाही. त्यानंतर त्याने तिचा एकही फोन उचलला नाही. आई तर गेलीच होती, आता पाठीराखा भाऊही गेल्यात जमा. आणि हे सगळं एका माणसाच्या बोटाने केलं होतं. कात्रीबाईच्या मनात त्या बोटाबद्दल जे जे येई ते इथे लिहिण्यासारखं नाही.

महिन्याभराने साहेबाने तिला बोलावलं. मोठा कार्यक्रम ठरला होता. हॉलभर कंपन्यांचे अधिकारी येणार होते.

"या वेळी सगळं खरं वाटलं पाहिजे, बाई. तुमचे ते खोटे कर्मचारी, खोटी कारणं, लोक लगेच ओळखतात."

"खरंच घालते, साहेब," ती म्हणाली.

तिने स्वतःच्या खात्यात लॉगिन केलं आणि रेकॉर्डर चालू केला. कर्मचारी क्रमांक सत्तेचाळीस. कापण्यासारखं काहीच निघालं नाही. त्यावर साहेबाचा नुकताच रेकॉर्ड केलेला आवाज बसवला, शेवटी पत्ता लावला आणि फाइल त्याच्याच सिस्टिममधून मंजुरीला पाठवली. व्हिडिओ तीन मिनिटांचा. मंजुरी आली अकरा सेकंदांत. तो पुरता बघणार नाही याची तिला खात्रीच होती. गेल्या सात वर्षांत कधी बघितला होता?

कार्यक्रमाच्या दुपारी साहेब स्टेजवर हात बांधून उभा राहिला. दिवे मंदावले आणि त्याचा मधाळ आवाज हॉलभर पसरला. "रजेच्या अर्जावर आता वेळ घालवायचं कारण नाही."

पडद्यावर अर्ज उमटला. 'आई आजारी आहे. तीन दिवस.' नामंजूर. निर्णयास लागलेला वेळ, चार सेकंद.

"माणसाला समोर बसवायला नको, त्याची कारणं ऐकायला नकोत."

'आईला दवाखान्यात ठेवलं आहे. दोन दिवस.' नामंजूर. तीन सेकंद. पुढच्या रांगेत कुणीतरी टिपण घेत होतं, त्याचं पेन थांबलं.

'डॉक्टर म्हणतात, जवळच्यांना बोलवा. दोन दिवस.' नामंजूर. तीन सेकंद.

'आई माझं नाव घेते आहे. एक दिवस तरी.' नामंजूर. दोन सेकंद.

"एक टिचकी, विषय संपला," आवाज म्हणाला. मग दहा सेकंद नुसता पत्ता.

एका कारखान्याच्या अधिकारीण बाई उभ्या राहिल्या. केस पिकलेले, चष्मा हातात. "त्या पोचल्या का हो?"

साहेबाने घसा साफ केला. "अहो, ही नमुन्यादाखल माहिती आहे. असं खरं कुणी नाही."

"नाही पोचले," मागून कात्रीबाई म्हणाली. "क्रमांक सत्तेचाळीस मीच."

सगळ्या माना आधी तिच्याकडे वळल्या, मग त्याच्याकडे. साहेबाचा चेहरा पांढराफटक पडला. तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं. अधिकारीण बाईंनी पर्स उचलली आणि त्या चालू लागल्या. त्यांच्यामागे बरेच जण उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबाने तिला केबिनमध्ये घेतलं. आता तो सावरला होता.

"रेकॉर्ड बघितलंत का, बाई? तुमच्या चारही रजा मंजूर आहेत. तुम्ही गेला नाहीत, त्याला कंपनी काय करणार? कुणी विचारलं तर मी हेच दाखवणार. तुमच्या घरच्यांनासुद्धा."

दादा नेमकं हेच तर म्हणत होता. ती जागेवर आली, स्वतःचं पान उघडलं. खरंच, चारही अर्जांपुढे हिरव्या अक्षरांत 'मंजूर'. मेल्याने एका रात्रीत तिलाच खोटं पाडलं होतं. मग तिची नजर शेजारच्या रकान्यावर गेली.

निर्णयास लागलेला वेळ. पन्नास दिवस. सत्तेचाळीस दिवस. त्रेचाळीस दिवस. एकेचाळीस दिवस.

निर्णय बदलता येत होता. तो रकाना मात्र अर्ज टाकल्यापासून शेवटचं बटण दाबेपर्यंतचा वेळ आपोआप मोजायचा, तो कुणालाच बदलता येत नव्हता. तसा हुकूम त्याचाच. कात्रीबाई मोठ्याने हसली, शेजारचे दचकले. तिने रेकॉर्डर चालू केला, पान सावकाश वरून खाली नेलं आणि कालच्या व्हिडिओला तेवढा तुकडा जोडला. पत्ता तसाच शेवटी राहू दिला. फाइल दादाला पाठवली, राजीनामा टाकला आणि पिशवी उचलली.

जिना उतरताना फोन वाजला. दादा.

"दोन सेकंद?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि मी आईला सांगत होतो, ती नाही यायची, तिला वेळ नाही." त्याचा आवाज फुटला. त्याने नाक पुसल्याचं तिला ऐकू आलं. मग तो म्हणाला, "त्या माणसाचा पत्ता दे."

"व्हिडिओच्या शेवटी आहे, दादा," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरांत."